कामाच्या प्रवासात अपघात झाला तर भरपाई: मुंबईतल्या कामगारांचे नेहमीचे प्रश्न

विरारहून अंधेरी, कल्याणहून भांडुप, मानखुर्दहून बीकेसी. मुंबईतल्या कामगाराचे दिवसाचे तीन-चार तास वाटेतच जातात आणि अपघातही बहुधा तिथेच होतात. तरीही "वाटेत झालं, त्याचे काही मिळत नाही" असं समजून शेकडो घरं दावाच करत नाहीत. ही समजूत चुकीची आहे. २०२५ सालात दोन गोष्टी घडल्या आणि कायदा या बाबतीत स्पष्टपणे कामगाराच्या बाजूने आला. आता दावा अडतो तो बहुतेक वेळा कागदांवर, म्हणून या पानावर कागदांबद्दल जास्त लिहिलं आहे.

घरून कामाला निघालो आणि रस्त्यात अपघात झाला. मालक म्हणतो, "तू अजून हजेरी लावली नव्हतीस." बरोबर आहे का?

नाही. सामाजिक सुरक्षा संहिता २०२० ही २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झाली आहे. घरून कामावर जाताना किंवा काम संपवून घरी परतताना झालेला अपघात हा नोकरीच्या ओघातला अपघात मानायचा, असं तीत स्पष्ट लिहिलं आहे. अट एकच: अपघाताची परिस्थिती, वेळ आणि जागा यांचा नोकरीशी संबंध दाखवता आला पाहिजे.

माझा अपघात त्या तारखेच्या आधीचा आहे.

तरीही आशा सोडू नका. त्या काळातल्या अपघातांना कर्मचारी नुकसानभरपाई कायदा १९२३ लागतो. त्यात जाण्यायेण्याचा उल्लेख नव्हता, म्हणून वर्षानुवर्षं वाद चालले. २९ जुलै २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दैवशाला खटल्यात हा वाद मिटवला. प्रकरण आपल्याच राज्यातलं, उस्मानाबाद (आता धाराशिव) जिल्ह्यातलं आहे. साखर कारखान्याचा रखवालदार पहाटे ३ च्या पाळीसाठी मोटारसायकलवरून निघाला आणि कारखान्यापासून सुमारे ५ किलोमीटरवर अपघातात गेला. साल होतं २००३. उच्च न्यायालयाने भरपाई नाकारली होती, सर्वोच्च न्यायालयाने ती परत दिली. ईएसआय (कर्मचारी राज्य विमा) कायद्यात २०१० साली घातलेलं प्रवासाचं कलम (५१-ई) हे खुलासा करणारं आहे, म्हणून ते मागच्या अपघातांनाही लागतं आणि १९२३ च्या कायद्याचा अर्थही तसाच लावायचा, असं न्यायालयाने ठरवलं. मालकाचा वकील १९९६ चा फ्रान्सिस डी'कोस्टा निकाल पुढे करील. त्यात कारखान्यापासून एक किलोमीटरवर सायकलस्वार कामगाराला झालेला अपघात बाहेर ठेवला होता. त्या निकालाला दैवशाला निकाल हेच उत्तर आहे.

कामाच्या वेळेत, साहेबांनी पाठवलं म्हणून बाहेर गेलो होतो. त्याचं काय?

तिथे तर फारसा वादच नसतो. सेल्समन, वसुलीला जाणारे, एसी किंवा लिफ्ट दुरुस्तीचे तंत्रज्ञ, बँकेत भरणा करायला पाठवलेला शिपाई, एका साइटवरून दुसऱ्या साइटवर जाणारा सुपरवायझर: यांचा प्रवास हेच काम आहे. नाशिक-पुण्याला मुक्कामी पाठवलं असेल तर तो प्रवास आणि मुक्कामातली कामाशी जोडलेली हालचालही त्यात येते. फक्त पाठवल्याचा पुरावा हवा. तोंडी सांगितलं असेल तर निघताना व्हॉट्सॲपवर एक ओळ टाका: "सर, तुम्ही सांगितल्याप्रमाणे पवईच्या साइटवर निघालो." ही सवय आजपासून लावून घ्या, अपघात झाल्यावर ती लावता येत नाही.

नोकरीशी संबंध दाखवायचा म्हणजे नेमकं काय दाखवायचं?

वेळ, जागा आणि कारण या तीन गोष्टी.

वेळेसाठी पाळीचं वेळापत्रक आणि अपघाताची वेळ जुळली पाहिजे. सकाळी ९ ची पाळी आणि ८.१० ला अपघात, इथे प्रश्न उरत नाही. काम सायंकाळी ६ ला सुटलं आणि अपघात रात्री ११ ला झाला, तर मधले पाच तास समजावून सांगावे लागतील. ओव्हरटाइम असेल तर मस्टरची नोंद, पंचिंगचा तपशील, निदान सोबत काम करणाऱ्याचा जबाब हवा.

जागेसाठी नकाशा. घराचा पुरावा, कामाचा पत्ता आणि पंचनाम्यातली जागा नेहमीच्या वाटेवर असायला हवी. मात्र मुंबईत नेहमीची वाट एकच नसते. पावसात हार्बर बंद पडली की माणूस बेस्टने सायनला येतो, मेगाब्लॉक असेल तर ठाण्याला उतरून रिक्षा करतो. त्या दिवशी लोकल बंद होत्या याची बातमी किंवा रेल्वेची घोषणा जोडली की वेगळ्या वाटेचा खुलासा होतो.

कारण म्हणजे त्या दिवशी कामावर जायचंच होतं हे दाखवणं. इथे भाड्याच्या पत्त्याने घोटाळा होतो. आधार कार्डावर गावचा पत्ता असतो आणि माणूस नालासोपाऱ्याला राहत असतो. मालक लगेच विचारतो, हा वसईच्या रस्त्यावर काय करत होता? भाडेकरार, वीजबिल, गॅसचं कार्ड, शेजाऱ्याचं शपथपत्र, काहीतरी जोडाच.

वाटेत मुलाला शाळेत सोडलं, भाजी घेतली. तेवढ्याने दावा जातो का?

थोडीशी वाट वाकडी झाली म्हणून संबंध तुटत नाही, असं दाखवता येतं. पण कामावरून सुटून लग्नाला गेलात आणि तिथून रात्री घरी येताना अपघात झाला, तर तो प्रवास कामाचा राहत नाही. किती वळलात, किती वेळ थांबलात आणि अपघाताच्या क्षणी पुन्हा नेहमीच्या वाटेवर होतात का, हे पाहिलं जातं. खरं तेच सांगा. आजकाल मोबाइलचं लोकेशन आणि सीसीटीव्ही दोन्ही निघतात. खोटा जबाब एकदा उघडा पडला की खरा भागही बुडतो.

कंपनीच्या बसमधून येताना अपघात झाला.

मालकाने दिलेल्या वाहनातला प्रवास जुन्या कायद्यातही कामाचा भाग मानला जात होता. यातला पायाभूत निकाल मुंबईचाच आहे. २० जुलै १९५७ रोजी बेस्टचा एक चालक जोगेश्वरी आगारात ड्यूटी संपवून बेस्टच्याच बसने सांताक्रूझला घरी निघाला. अंधेरीजवळ घोडबंदर रस्त्यावर बस उभ्या लॉरीवर आदळली आणि काही दिवसांनी तो गेला. गणवेशात बसने फुकट प्रवास करण्याची सोय ही बससेवा सुरळीत चालावी म्हणूनच होती, त्यामुळे तो प्रवास नोकरीचा भाग आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने त्याच्या पत्नीच्या, ॲग्नेस यांच्या बाजूने ठरवलं. आज बस ठेकेदाराची असली तरी ती मालकाच्या सोयीने चालते हे दाखवा. रूटचा तक्ता, बसचा पास, पगारातून होणारी कपात, सगळं कामी येतं.

मला ईएसआय आहे. मग मालकाकडे दावा करायचा का?

ईएसआय असेल तर मालकाकडे कर्मचारी नुकसानभरपाई मागता येत नाही. कायद्याने ते बंद केलं आहे. पैसे ईएसआय महामंडळ देतं. म्हणून सगळ्यात आधी हे तपासा: महिन्याचा पगार २१,००० रुपयांपर्यंत (अपंग कामगाराला २५,०००) आहे का, पगाराच्या चिठ्ठीत ०.७५ टक्के कपात दिसते का, आणि १० अंकी विमा क्रमांक आहे का.

ईएसआय म्हणजे कमी मिळेल असं समजू नका, बहुतेकांना ते जास्त पडतं. तात्पुरत्या असमर्थतेत रोजच्या सरासरी पगाराच्या ९० टक्के रक्कम मिळते, कायमच्या अपंगत्वात वैद्यकीय मंडळाने ठरवलेल्या टक्केवारीनुसार आयुष्यभर मासिक रक्कम. मृत्यू झाला तर पगाराच्या ९० टक्क्यांच्या हिशेबाने अवलंबितांना दरमहा पेन्शन, शिवाय अंत्यविधीसाठी १५,००० पर्यंत. कामावरच्या इजेसाठी किती महिने वर्गणी भरली याची अट नाही. कामाच्या पहिल्याच दिवशी अपघात झाला तरी हक्क आहे.

अडचण इथे येते की मालकाने तुमची नोंदणीच केलेली नसते आणि अपघातानंतर घाईघाईने केली जाते. महामंडळ अशा प्रकरणाकडे संशयाने पाहतं. त्यामुळे अपघाताआधीच्या हजेरीचा आणि पगाराचा स्वतंत्र पुरावा जपून ठेवा: बँकेत आलेला पगार, गेट पास, कामाच्या ग्रुपवरचे मेसेज.

मालकाने अपघाताची नोंद अपघात वहीत करायची असते आणि अहवाल (फॉर्म १२) ऑनलाइन भरायचा असतो. त्यात "प्रवासात" असं लिहून पाळीची वेळ आणि मार्ग नीट भरला आहे का ते पाहा आणि प्रत मागून घ्या. मालक टाळत असेल तर आपल्या शाखा कार्यालयात स्वतः लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. लोअर परळचं पंचदीप भवन हे त्याच्या वरचं कार्यालय.

ईएसआय नाही. मग किती मिळेल?

हिशेब असा. महिन्याचा पगार धरायचा, पण कमाल १५,००० (३ जानेवारी २०२० पासूनची मर्यादा). मृत्यू असेल तर त्याचे ५० टक्के, कायमचं पूर्ण अपंगत्व असेल तर ६० टक्के. त्याला वयानुसारच्या गुणकाने गुणायचं. गुणक ३० व्या वर्षी २०७.९८, ३५ ला १९७.०६, ४० ला १८४.१७, ४५ ला १६९.४४, ५० ला १५३.०९.

समजा वय ३५, पगार २२,०००. धरायचे १५,०००.
मृत्यू: ७,५०० × १९७.०६ = १४,७७,९५० रुपये.
कायमचं पूर्ण अपंगत्व: ९,००० × १९७.०६ = १७,७३,५४० रुपये.
कमाईची क्षमता ४० टक्के गेली: १७,७३,५४० चे ४० टक्के = ७,०९,४१६ रुपये.

तात्पुरती असमर्थता असेल तर दर पंधरवड्याला पगाराच्या २५ टक्के, म्हणजे या उदाहरणात ३,७५०, जास्तीत जास्त ५ वर्षं. तीन दिवसांच्या आत बरे झालात तर काही नाही. असमर्थता २८ दिवस किंवा जास्त चालली तर पहिल्या दिवसापासून मिळतं, कमी असेल तर पहिले तीन दिवस सोडून. याशिवाय उपचाराचा प्रत्यक्ष खर्च मालकाने द्यायचा असतो. ही गोष्ट बहुतेकांना माहीतच नसते, म्हणून औषधांची बिलं फेकून दिली जातात.

टक्केवारी कोण ठरवतं?

काही इजा तक्त्यातच दिल्या आहेत. उदाहरणार्थ, अंगठा पूर्ण गेला तर ३० टक्के, दुसरा डोळा चांगला असून एक डोळा गेला तर ४० टक्के. तक्त्यात नसलेल्या इजांसाठी, आणि प्रवासातल्या अपघातात बहुतेक अशाच असतात (मांडीचं हाड, मणका, डोक्याचा मार), नोंदणीकृत डॉक्टरने कमाईची क्षमता किती गेली ते लिहून द्यायचं असतं.

इथे एक मोठी चूक होते. सरकारी रुग्णालयाचा अपंगत्वाचा दाखला शरीराच्या अवयवाचं अपंगत्व सांगतो, कायदा कमाईचं नुकसान विचारतो. ड्रायव्हरचा पाय घोट्यात आखडला तर शारीरिक अपंगत्व २० टक्के असेल, पण अवजड गाडी चालवण्याचा धंदा संपला. सर्वोच्च न्यायालयाने १९७६ मध्येच हात गमावलेल्या सुताराचं नुकसान १०० टक्के धरलं होतं, कारण एका हाताने सुतारकाम होत नाही. म्हणून डॉक्टरांना तुमचं काम नेमकं काय होतं ते सांगा (किती किलो उचलत होतात, किती तास उभे राहत होतात, शिडी चढावी लागत होती का) आणि त्या कामासाठी किती टक्के क्षमता गेली हे लिहून मागा. गरज पडल्यास त्यांना साक्षीला यावं लागेल, हेही आधीच विचारून ठेवा.

अपघात झाल्याबरोबर काय करायचं?

आधी जीव वाचवा. १०८ ला फोन करा. रस्ते अपघातात ५ मे २०२५ पासूनच्या केंद्राच्या योजनेनुसार ठरवून दिलेल्या रुग्णालयांत ७ दिवसांपर्यंत दीड लाख रुपयांचे उपचार रोख न भरता मिळतात. रुग्णालयात हे स्वतःहून विचारा.

नंतर केस पेपर. केईएम, सायन, नायर, कूपर, राजावाडी, कुठेही नेलं तरी अपघाताची एमएलसी (पोलिसांना कळवायच्या वैद्यकीय प्रकरणाची) नोंद होते आणि डॉक्टर सोबतच्या माणसाला विचारतात, "काय झालं?" घाबरलेला शेजारी म्हणतो, "पडला." कागदावर येतं "पडल्याचा इतिहास" आणि दोन वर्षांनी मालकाचा वकील हाच कागद पुढे करतो: घरात पडला असेल! म्हणून सोबत जो असेल त्याने पूर्ण वाक्य सांगावं: "सकाळी साडेआठच्या सुमारास, कामावर जाताना, साकीनाक्याला मोटारसायकलला टेम्पोने धडक दिली." डॉक्टरांनी काय लिहिलं ते वाचायला मागा. चूक असेल तर तिथल्या तिथे, सौजन्याने, दुरुस्त करून घ्या. एमएलसी क्रमांक टिपून ठेवा.

पोलिसांत जबाब देताना "कामावर जात होतो" किंवा "मालकाने अमुक ठिकाणी पाठवलं होतं" हे शब्द आले पाहिजेत. जबाब मराठीत नोंदवा, वाचून मगच सही करा. वाहन अपघातात पोलिसांना ४८ तासांत पहिला अपघात अहवाल दावा न्यायाधिकरणाकडे पाठवावा लागतो. त्याची प्रत मागा.

सीसीटीव्हीचं चित्रीकरण काही दिवसांत पुसलं जातं. दुकानदार, सोसायटी, पेट्रोल पंप, जिथे कॅमेरा दिसेल तिथे दोन दिवसांत कुणाला तरी पाठवा आणि पोलिसांना लेखी कळवा. हे काम घरचे दुःखात विसरतात, म्हणून मित्राला किंवा युनियनच्या माणसाला सांगा.

त्याच दिवशी मालकाला मेसेज करा. फोन पुरत नाही, लेखी हवं.

लोकलमधून पडलो. रेल्वेकडे मागायचं की मालकाकडे?

दोन्ही दारं उघडी आहेत, पण एकाच अपघाताची भरपाई दोनदा मिळत नाही. रेल्वे कायद्याच्या कलम १२८ मध्ये हे लिहिलेलं आहे, तेव्हा शांतपणे निवडा.

रेल्वे कायद्यात गाडीतून पडणं ही "अनुचित घटना" आहे. त्यात रेल्वेची चूक दाखवावी लागत नाही. मृत्यूसाठी ८ लाख रुपये मिळतात, इजेसाठी तक्त्यानुसार. अर्ज रेल्वे दावा न्यायाधिकरणाच्या मुंबई पीठाकडे, घटनेपासून एक वर्षाच्या आत. चढता-उतरताना पडणंही यात येतं, हे सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं आहे. रूळ ओलांडताना गाडीची धडक बसली तर मात्र रेल्वेकडून मिळत नाही.

वर उदाहरणात पाहिलं, ३५ वर्षांच्या कामगाराला मालकाकडून १४ लाखांवर मिळू शकतात. पण तिथे कामाशी संबंध सिद्ध करावा लागतो. रेल्वेकडे तो लागत नाही, मात्र अस्सल प्रवासी असल्याचं दाखवावं लागतं. पास खिशातून हरवला असेल तर घाबरू नका. तिकीट सापडलं नाही एवढ्यावर दावा फेटाळता येत नाही, वारसाने शपथपत्र देऊन वस्तुस्थिती सांगितली की उलट सिद्ध करणं रेल्वेवर येतं, असं २०१८ च्या रीना देवी निकालात ठरलं आहे. मोबाइलवर काढलेल्या पासचा स्क्रीनशॉट, आधीच्या महिन्यांचे पास, पास काढल्याचा बँकेचा मेसेज शोधा.

कागदांत स्टेशन मास्तरचा मेमो आणि लोहमार्ग पोलिसांचा पंचनामा हे दोन कळीचे. पंचनाम्यात "रूळ ओलांडताना" असं लिहिलं गेलं असेल आणि ते खरं नसेल, तर लगेच लेखी हरकत घ्या. नंतर ते खोडणं फार अवघड होतं.

दुसऱ्याच्या गाडीने उडवलं. मग?

इथे खूप नुकसान होतं, म्हणून नीट वाचा. मोटार वाहन कायद्याच्या कलम १६७ नुसार भरपाई मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाकडून घ्यायची की मालकाकडून, यातलं एकच निवडावं लागतं. आणि दोन्हींची रक्कम फार वेगळी असते.

तोच ३५ वर्षांचा, २२,००० पगाराचा, ठरावीक पगारावरचा माणूस घ्या. मागे पत्नी आणि दोन मुलं. मोटार न्यायाधिकरणात खरा पगार धरतात, भविष्यातल्या वाढीचे ४० टक्के मिळवतात (३०,८००), त्यातून माणसाच्या स्वतःच्या खर्चाचा एक तृतीयांश वजा करतात, उरलेल्याची वर्षाची रक्कम काढतात (× १२) आणि ती वयानुसार १६ ने गुणतात. होतात ३९,४२,४०० रुपये, शिवाय अंत्यविधी वगैरेचे वेगळे. मालकाकडे तीच रक्कम १४,७७,९५०. समोरच्याची चूक स्पष्ट असेल आणि त्याच्या गाडीचा विमा असेल तर मोटार न्यायाधिकरणच बरं. पण चूक आपल्याच ड्रायव्हरची असेल, गाडी घसरून एकट्यानेच अपघात झाला असेल किंवा समोरच्याचा पत्ताच नसेल, तर कामगार कायद्याची वाट, कारण तिथे चूक कुणाची हे पाहत नाहीत.

मोटार न्यायाधिकरणाची मुदत कायद्याने सहा महिने आहे. कामगार कायद्याची दोन वर्षं. "दोन वर्षं आहेत" म्हणत बसलात तर मोठी वाट बंद होऊ शकते.

धडक मारून गाडी पळाली तर सरकारी निधीतून मृत्यूला २ लाख आणि गंभीर इजेला ५०,००० मिळतात.

खड्ड्यात किंवा उघड्या मॅनहोलमध्ये पडलो.

ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आदेश दिला आहे: खड्डा किंवा उघड्या मॅनहोलमुळे मृत्यू झाल्यास ६ लाख, इजा झाल्यास तीव्रतेनुसार ५०,००० ते अडीच लाख, आणि ते त्या रस्त्याची जबाबदारी असलेल्या यंत्रणेने द्यायचे. खड्ड्याचा फोटो त्याच दिवशी काढा, शेजारी ओळखू येईल असा खांब किंवा दुकानाची पाटी घेऊन. उद्या तो बुजवलेला असेल.

हेल्मेट नव्हतं. माझीच चूक होती.

निष्काळजीपणामुळे हक्क जात नाही. दारू किंवा नशेच्या अंमलाखाली अपघात झाला, किंवा सुरक्षेचा स्पष्ट आदेश मुद्दाम मोडला, तरच मालक नकार देऊ शकतो, आणि तेही मृत्यू किंवा कायमचं पूर्ण अपंगत्व आलं असेल तर चालत नाही. केस पेपरवर "दारूचा वास" लिहिलं असेल तर रक्ताची तपासणी झाली का ते विचारा. वासाची नोंद म्हणजे अंमल सिद्ध होणं नव्हे.

मी ठेकेदाराकडे आहे. तो गायब झालाय.

ज्याच्या कामासाठी ठेका दिला होता त्या मूळ मालकावरही जबाबदारी येते. अर्जात दोघांनाही सामनेवाले (ज्यांच्याविरुद्ध दावा आहे ते) करा. मुकादमाचं नुसतं टोपणनाव माहीत असेल तर साइटवरचा फलक आणि गेट पासवरचं नाव यांचे फोटो काढून ठेवा.

मी डिलिव्हरी करतो, मला "पार्टनर" म्हणतात.

सामाजिक सुरक्षा संहितेने गिग आणि प्लॅटफॉर्म कामगारांना प्रथमच नाव दिलं आणि कंपन्यांनी वार्षिक उलाढालीच्या १ ते २ टक्के रक्कम त्यांच्या योजनांसाठी द्यायची तरतूद केली. पण मालकाकडून मिळणारी कर्मचारी नुकसानभरपाई तुम्हाला आपोआप लागू होत नाही, हे खेदाने सांगावं लागतं. ई-श्रम या असंघटित कामगारांसाठीच्या सरकारी पोर्टलवर नोंदणी करा. ॲपमधला अपघात विमा बहुतेकदा ऑर्डर हातात असतानाच लागू होतो, तेव्हा अपघाताच्या वेळचा ऑर्डर क्रमांक आणि स्क्रीनशॉट आयडी बंद होण्याआधी काढून घ्या. दुसऱ्या वाहनाविरुद्ध मोटार न्यायाधिकरणात जाण्याचा हक्क तुम्हालाही पूर्ण आहे.

प्रवासात हृदयविकाराचा झटका आला तर?

कामाचा ताण आणि झटका यांचा संबंध दाखवावा लागतो. लांब पल्ल्याच्या ट्रकचालकाच्या बाबतीत सर्वोच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तो मान्य केला आहे. सलग किती तास गाडी चालवली, आधी किती दिवस सुट्टी नव्हती, याची नोंद मिळवा.

मालक म्हणतो, "दोन लाख घे आणि सही कर."

करू नका. मृत्यूच्या प्रकरणात भरपाईची रक्कम नुकसानभरपाई आयुक्तांकडे (मुंबईत कामगार न्यायालयाचे न्यायाधीश) जमा केली तरच ती दिली असं धरलं जातं. आगाऊ म्हणून मालक वारसांना जास्तीत जास्त तीन महिन्यांच्या पगाराएवढे देऊ शकतो. हक्क सोडल्याचा करार कायद्याने रद्दच आहे. इजेच्या प्रकरणात तडजोड करायची असेल तर तिची नोंदणी आयुक्तांकडे व्हावी लागते आणि रक्कम अपुरी वाटली तर ते नोंदणी नाकारू शकतात. मात्र घर चालवायला लगेच पैसे हवे असतात हेही खरं आहे. मालक देत असेल तर घ्या, पण पावतीवर "उपचारासाठी आगाऊ" एवढंच लिहा. कोऱ्या कागदावर किंवा कोऱ्या स्टॅम्प पेपरवर सही कधीच नको.

दावा कसा आणि कुठे दाखल करायचा?

आधी मालकाला नोटीस: नाव, पत्ता, अपघाताची तारीख, वेळ, जागा, कामाशी संबंध, इजा आणि मागणी. स्पीड पोस्टने पाठवा, पावती आणि पोचल्याचा ट्रॅकिंगचा कागद ठेवा. मालकाने फुकट वैद्यकीय तपासणीला बोलावलं तर जा. न गेल्यास तुमचा हक्क थांबू शकतो.

मग अर्ज. मुंबईत कामगार न्यायालयाचे न्यायाधीश नुकसानभरपाई आयुक्त म्हणून ही प्रकरणं पाहत आले आहेत. संहितेच्या भाषेत ते "सक्षम प्राधिकारी". अर्ज अपघाताच्या ठिकाणी, तुम्ही राहता तिथे किंवा मालकाचं नोंदणीकृत कार्यालय असेल तिथे करता येतो. नवरा गेल्यावर गावी परतलेल्या बाईला दर तारखेला मुंबईत येण्याची गरज नाही. ती सातारा किंवा रत्नागिरीतही अर्ज करू शकते.

सोबत लावायचं: एमएलसी, केस पेपर, डिस्चार्ज कार्ड, पंचनामा, जबाब, पगाराचा पुरावा, वयाचा पुरावा (गुणक त्यावर ठरतो, म्हणून शाळेचा दाखला सर्वांत चांगला), राहण्याचा पुरावा, पाळीचा पुरावा आणि बिलं. मृत्यू असेल तर शवविच्छेदन अहवाल, मृत्यूचा दाखला आणि सर्व अवलंबितांची नावं. विधवा आई विसरली जाते, तीही हक्कदार आहे.

मुदत दोन वर्षं. उशिराचं सबळ कारण असेल (कोमा, दीर्घ उपचार, मालकाने खोटी आश्वासनं दिल्याचे मेसेज) तर तो माफ होऊ शकतो.

मालक पैसे द्यायला उशीर करतो.

भरपाई अपघाताच्या दिवसापासूनच देय होते. महिन्यात दिली नाही तर वर्षाला १२ टक्के व्याज आणि सबळ कारण नसेल तर ५० टक्क्यांपर्यंत दंड. वरच्या १४,७७,९५० वर एका वर्षाचं व्याजच १,७७,३५४ होतं. अर्जात व्याज आणि दंड दोन्ही स्पष्टपणे मागा. मालकाचा विमा असेल तर विमा कंपनीलाही सामनेवाला करा. दंड मात्र विमा कंपनी भरत नाही, तो मालकाच्या खिशातून जातो. निकालाविरुद्ध मालकाला उच्च न्यायालयात जायचं असेल तर आधी रक्कम जमा करावी लागते.

वकिलाचे पैसे नाहीत.

महिला, अनुसूचित जाती-जमातीचे लोक, अपंग व्यक्ती आणि औद्योगिक कामगार यांना उत्पन्न न पाहता मोफत वकील मिळतो. न्यायालयाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणाच्या कार्यालयात साध्या कागदावर अर्ज द्या. खासगी वकील "मिळतील त्यातले इतके टक्के" म्हणत असेल तर नकार द्या. भरपाईतला हिस्सा फी म्हणून ठरवणं वकिलांना नियमांनीच मना आहे.